वडिलोपार्जित सागरचित्र : कर्ता कोण आणि मोल किती?

घराची वाटणी निघाली, की जमीन, दागिने आणि भांडीकुंडी यांचा हिशेब चटकन लागतो. जमिनीला सातबारा असतो, सोन्याला सराफाचा काटा असतो, तांब्यापितळेला मोडीचा भाव असतो. पंचाईत होते ती भिंतीवरच्या चित्राची. आजोबांनी की पणजोबांनी कुठूनसे आणलेले, धुराने आणि दमट हवेने काळवंडलेले, लाटा, गलबते आणि मावळता सूर्य दाखवणारे एखादे समुद्राचे चित्र दिवाणखान्यात वर्षानुवर्षे टांगलेले असते. ते असेपर्यंत त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही. वाटणीच्या दिवशी मात्र त्याला एकदम वाचा फुटते. कुणी म्हणतो, "हे रविवर्म्याचं आहे." कुणी म्हणतो, "छे, साहेबाच्या बंगल्यातल्या लिलावातलं विलायती चित्र आहे हे." आणि तिसरा म्हणतो, "कसलं काय! फ्रेमचे पैसे आले तरी पुष्कळ."

श्रोतेहो, या तिघांपैकी कोण बरोबर, हे ठरवायचे कसे? त्याला रीत आहे, आणि तिचा पहिला अर्धा भाग घरच्या घरी करता येण्याजोगा आहे. तो आज थोडक्यात सांगतो.

आरंभी एक साधा प्रश्न विचारावा. हे हाताने रंगवलेले चित्र आहे की छापलेले? हा प्रश्न बाळबोध वाटेल, पण अनेक घरांतला वाद इथेच मिटतो. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि त्यांची चित्रे घरोघर पोहोचली. अशी रंगीत शिळाछापाची चित्रे, ज्यांना ओलिओग्राफ म्हणतात, परदेशांतूनही येत. त्यांच्यावर वॉर्निशचा हात फिरवलेला असे, कधी कागदावर कॅनव्हाससारखी वीणही उठवलेली असे. दुरून पाहणारा फसतोच. घड्याळजी वापरतो तसले एखादे भिंग घ्या आणि आकाशाचा फिकट भाग पाहा. बारीक ठिपके किंवा रंगांचे एकसारखे कण दिसले, तर तो छाप. कुंचल्याच्या केसांच्या रेघा दिसल्या, लाटेच्या फेसावर रंगाचा जाडसर थर बोटाएवढ्या अंतरावरून सावली पाडताना दिसला, तर ते हाताचे काम. छापील चित्रालाही किंमत असते, पण तिचा हिशेब निराळा.

दुसरी गोष्ट. चित्र उलटे करून पाहा. चित्राची पुढची बाजू चित्रकार बोलतो, मागची बाजू चित्राचा इतिहास बोलते. मागच्या लाकडी चौकटीवर रंगविक्रेत्याचा शिक्का, फ्रेम करणाऱ्या दुकानाची चिठ्ठी, प्रदर्शनाचा क्रमांक, पेन्सिलीने लिहिलेले एखादे नाव, यांतले काहीही सापडू शकते. मुंबईत बॉम्बे आर्ट सोसायटीची स्थापना १८८८ सालची. तेव्हापासून प्रदर्शनांची परंपरा आहे आणि प्रदर्शनांच्या छापील याद्याही निघत आल्या आहेत. मागच्या चिठ्ठीवरचा एखादा आकडा अशा यादीशी जुळला, तर दहा तज्ज्ञांच्या मतापेक्षा तो अधिक उपयोगी पडतो. म्हणून जुनी फ्रेम मोडकी असली तरी फेकू नये, आणि मागचा पुठ्ठा वाळवीने खाल्ला असला तरी त्यावरची चिठ्ठी आधी जपून ठेवावी.

आता सहीकडे येऊ. लोकांचा सारा भरवसा सहीवर असतो. वास्तविक सही हा पुराव्यांतला सर्वांत दुबळा पुरावा आहे, कारण तीच सर्वांत सोपेपणाने नंतर घालता येते. सही रंग ओला असताना केलेली आहे, की रंग वाळून त्याला भेगा पडल्यावर? खरी सही चित्राबरोबर म्हातारी होते. तिलाही त्याच भेगा पडतात. नवी सही भेगांच्या आत उतरते किंवा वॉर्निशच्या वर तरंगते. हे भिंगातून दिसते.

सही नसली तर नाव कुठून येते? बहुधा ऐकीव गोष्टींतून. याचे एक ठळक उदाहरण आपल्या ओळखीचे आहे. हातात दिवा घेतलेल्या, बोटांतून प्रकाश झिरपणाऱ्या स्त्रीचे ते प्रसिद्ध चित्र आपण कॅलेंडरांवर पाहिलेले असते. ते म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या संग्रहात आहे. कित्येक लोक ते रविवर्म्याचे म्हणून सांगतात. प्रत्यक्षात ते सावंतवाडीकडून आलेल्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचे. ते १९४० नंतरच्या दशकातले, जलरंगांतले आहे, आणि त्यासाठी त्यांची स्वतःची मुलगी दिवा घेऊन उभी राहिली होती. रविवर्मा तर १९०६ सालीच निवर्तले होते. म्हणजे एवढ्या नामांकित चित्राचा कर्ताही लोकांच्या तोंडी बदलतो. मग आपल्या दिवाणखान्यातल्या चित्राची काय कथा!

समुद्राच्या चित्राची एक सोय अशी, की ते स्वतःच पुष्कळ माहिती देते. चित्रात काय आहे, ते नीट वाचावे. मुंबई बंदराचे दृश्य असेल आणि त्यात पुरी झालेली गेटवे ऑफ इंडियाची कमान दिसत असेल, तर चित्र १९२४ च्या आधीचे असणे शक्य नाही. ताजमहाल हॉटेल दिसत असेल, तर १९०३ च्या आधीचे नाही. मात्र उलट तर्क करू नये. शिडाची गलबते आहेत म्हणून चित्र जुने, असे म्हणता येत नाही. जुन्या चित्रावरून आजही कुणी गलबत काढील. चित्रातली वस्तू चित्र किती जुने असू शकते याची सीमा सांगते. ते किती अलीकडचे आहे, हे ती सांगत नाही.

सूर्याकडेही पाहावे. आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर सूर्य समुद्रात बुडतो, समुद्रातून उगवत नाही. तेव्हा उघड्या समुद्रावर सूर्य दाखवलेल्या चित्राखाली कुणी 'रत्नागिरीची प्रभात' असे लिहिले असेल, तर ते नाव नंतर कुणीतरी दिलेले असावे. मुंबई बंदराची गोष्ट निराळी. तिथे पाणी शहराच्या पूर्वेला आहे. हे हसण्यावारी नेऊ नका. पॅरिसच्या मार्मोतां संग्रहालयात क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराचे ल हाव्र बंदरातल्या सूर्योदयाचे जगप्रसिद्ध चित्र आहे. ते नेमके केव्हाचे, यावर मतभेद होते. अमेरिकेतल्या डोनाल्ड ओल्सन या खगोलशास्त्रज्ञाने सूर्याची जागा, भरतीची वेळ आणि त्या काळची हवामानाची टिपणे यांचा मेळ घातला आणि १३ नोव्हेंबर १८७२ ची सकाळ ही सर्वांत संभाव्य वेळ म्हणून २०१४ साली पुढे मांडली. भरती-ओहोटी ही चित्रकाराला लबाडी करू देत नाही!

रंगही साक्ष देतात. समुद्र म्हटला की निळा रंग आला, आणि प्रत्येक निळ्याची जन्मतारीख ठाऊक आहे. प्रशियन निळा अठराव्या शतकाच्या आरंभी निघाला. कृत्रिम अल्ट्रामरीन १८२० नंतरच्या दशकात फ्रान्समध्ये तयार झाला. त्याआधी तो रंग अफगाणिस्तानातल्या लाजवर्दी दगडापासून करीत आणि तो सोन्याच्या तोलाने महाग असे. थॅलो निळा म्हणून जो गडद, तीव्र निळा आज मिळतो, तो १९३५ पासूनचा. फेसासाठी वापरलेला पांढरा टायटॅनियमचा असेल, तर चित्र पहिल्या महायुद्धानंतरचे समजावे. पण इथेही सावध राहावे. एखाद्या कोपऱ्यात नवा रंग सापडला तर ती नंतरची डागडुजी असू शकते; निरनिराळ्या जागांचे नमुने पाहावे लागतात, आणि हे काम प्रयोगशाळेचे आहे, आपल्या सुरीच्या टोकाचे नव्हे. व्हॅन गॉगने १८८२ साली हॉलंडमधल्या श्खेव्हेनिंगेनच्या किनाऱ्यावर, भर वाऱ्यात उभे राहून समुद्राचे एक चित्र रंगवले. त्याच्या रंगात त्या किनाऱ्याच्या वाळूचे कण अजूनही अडकलेले आहेत. घरात बसून नक्कल करणाऱ्याच्या चित्रात ते यायचे कुठून?

चित्राची मालकी कुणाकडून कुणाकडे गेली, ही साखळी जुळली तर तिच्यासारखा पुरावा नाही. वेल्समधल्या ग्वेंडोलीन आणि मार्गारेट डेव्हिस या दोन बहिणींना आजोबांकडून कोळशाच्या खाणींची आणि रेल्वेची संपत्ती मिळाली होती. त्यातून त्यांनी उत्तमोत्तम चित्रे घेतली. ग्वेंडोलीनच्या मृत्युपत्रान्वये तिची चित्रे १९५२ साली वेल्सच्या राष्ट्रीय संग्रहालयाला मिळाली. त्यांत टर्नर या इंग्रज चित्रकाराची म्हणून घेतलेली समुद्राची तीन चित्रे होती. थोड्याच काळात जाणकारांनी ती खोटी ठरवली आणि ती भिंतीवरून उतरवली गेली. पुढे साठ वर्षांनी, २०१२ साली, त्यांची फिरून तपासणी झाली. रंग टर्नरच्याच वापरातले निघाले, आणि मालकीची साखळी मागे मागे जात मार्गेट गावच्या श्रीमती बूथ यांच्या घरापर्यंत पोहोचली. या बाई म्हणजे टर्नरची घरमालकीण आणि त्याच्या अखेरच्या वर्षांतली सोबतीण. तिन्ही चित्रे अस्सल ठरली. म्हणजे तज्ज्ञांचे मत हा निकाल असतो खरा, पण त्यावर अपील असते.

ही साखळी आपल्याकडे कशी जुळवायची? जुनी पत्रे, बिले, मृत्युपत्रे चाळावीत. लग्नमुंजींचे जुने फोटो पाहावेत. वऱ्हाडी मंडळींच्या मागच्या भिंतीवर ते चित्र दिसले, तर त्या साली ते घरात होते एवढे पक्के होते. आणि घरातल्या वृद्ध माणसांना विचारून, कोण काय म्हणाले ते तारखेसह लिहून ठेवावे. आठवण पुरावा म्हणून अपुरी असेल, पण ती दिशा दाखवते.

हे सगळे कशासाठी, असे कुणी विचारील. तर माझ्या माहितीतली एक गोष्ट सांगतो. नावे सांगण्याचे कारण नाही. माझा एक जुना विद्यार्थी माझ्याकडे आला. कोकणातले त्यांचे घर. तीन भाऊ, त्यांतला थोरला वारलेला, त्याची पत्नी मागे. वाटणीत आंब्याची एक लहानशी बाग होती आणि दिवाणखान्यात समुद्राचे एक मोठे तैलचित्र होते. खालच्या कोपऱ्यात सहीचे एक-दोन अक्षरांइतके टोक दिसत होते, त्यात एक 'डी' वाचता येई. तेवढ्यावरून मधल्या भावाने ठरवून टाकले, की हे चित्र धुरंधरांचे. रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधरांचे! आणि तो वहिनींना म्हणाला, "वहिनी, लाखमोलाचं चित्र तुम्ही घ्या. बागेतला हिस्सा आम्ही दोघं वाटून घेतो." त्या बाई फारशा शिकलेल्या नव्हत्या, पण त्या एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, चित्र चांगलंच आहे हो. पण चित्राला दरवर्षी आंबे लागतात का?"

माझा विद्यार्थी हा धाकटा भाऊ. त्याला हे बरे वाटेना. तो म्हणाला, "सर, चित्र खरोखरच धुरंधरांचं असेल तर वहिनींचा फायदाच आहे. पण नसेल तर आम्ही त्यांना उघडउघड नागवलं असं होईल." मी त्याला म्हटले, "कागद करू नका. आधी चित्र फ्रेममधून नीट सोडवून घ्या." फ्रेमची आतली कड चित्राचा बोटभर भाग झाकते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. जाणत्या माणसाकडून चित्र सोडवले, तेव्हा त्या झाकलेल्या पट्टीत सहीचा उरलेला भाग निघाला आणि त्याखाली साल निघाले : सत्तेचाळीस. धुरंधर १९४४ साली वारले. पुढचे नावही त्यांचे नव्हते. गावातल्या दोन म्हाताऱ्यांनी ते पाहताच ओळखले. तालुक्याच्या शाळेत ड्रॉइंग शिकवणारे एक मास्तर होते, त्यांचे ते नाव. आजोबांनी मास्तरांच्या अडचणीच्या दिवसांत ते चित्र विकत घेतले होते, ही हकिकतही मग निघाली.

चित्राची किंमत मुंबईच्या एका जाणकाराने काही हजार रुपये सांगितली. वहिनींना बागेतला त्यांचा तिसरा हिस्सा मिळाला. चित्र धाकट्याने आपल्या वाटणीत मागून घेतले. मधला भाऊ काही दिवस घुश्शात होता, पण कागदावर त्यानेही सही केली. सांगायचे तात्पर्य, चित्राचा कर्ता कोण, हा नुसता कलेच्या पंडितांचा प्रश्न नाही. चुकीचे नाव एखाद्याच्या पानातला घास काढून घेऊ शकते.

आता मोलाविषयी. 'या चित्राची किंमत किती,' या प्रश्नाला एकच उत्तर नसते. विम्यासाठीची किंमत एक, लिलावात अपेक्षित असलेली दुसरी, आणि दुकानदार रोख मोजून देईल ती तिसरी. पहिली सर्वांत मोठी, शेवटची सर्वांत लहान. वाटणीसाठी कोणती धरायची, ते सर्वांनी आधी ठरवावे. मोल ठरते ते कर्त्याच्या नावावर, पण तेवढ्यावरच नव्हे. आकार, माध्यम, चित्राची प्रकृती, त्या चित्रकाराच्या कामात त्या विषयाचे स्थान, मालकीची साखळी आणि त्या घटकेला असलेली मागणी, ही सारी त्यात येतात. वर्तमानपत्रांतले आकडे पाहून मनाचे मांडे खाऊ नयेत. हुसेन यांचे 'ग्रामयात्रा' हे चित्र १९५४ साली एका परदेशी डॉक्टराने घेतले, पुढे ते नॉर्वेतल्या एका रुग्णालयात राहिले, आणि मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ते १ कोटी ३७ लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेले. हे खरे, पण त्याच्या मागे नाव, तारीख आणि मालकी यांची साखळी अखंड होती, हेही तितकेच खरे.

लिलावाच्या यादीतली भाषा वाचायला शिकले पाहिजे. नुसते चित्रकाराचे नाव दिले असेल, तर ते त्याचे, असे त्या संस्थेचे मत. 'यांचे मानले जाते' म्हणजे बहुधा त्याचे. 'यांच्या वर्तुळातले' म्हणजे त्याच्या काळातल्या, त्याच्या जवळच्या दुसऱ्या कुणाचे. 'यांच्या धाटणीचे' म्हणजे नंतरच्या कुणी केलेले अनुकरण. 'यांच्यावरून' म्हणजे सरळ नक्कल. एकेका पायरीला किंमत झपाट्याने उतरते. 'सही केलेले' आणि 'सही असलेले' यांतही फरक असतो. दुसऱ्या शब्दांत ती सही त्याचीच, याची हमी नसते.

काही व्यवहाराच्या गोष्टी. ज्याला चित्र विकत घ्यायचे आहे, त्यालाच त्याची किंमत विचारू नये. किंमत ठरवणाऱ्याचा मेहनताना ठरावीक असावा, किमतीच्या टक्क्यांत नसावा. वस्तुसंग्रहालये साधारणपणे बाजारभाव सांगत नाहीत, पण काळ, शैली आणि जपणूक यांविषयी तिथली जाणती माणसे मार्गदर्शन करू शकतात. जुन्या मराठी चित्रकारांची माहिती 'शिल्पकार चरित्रकोशा'च्या दृश्यकला खंडात मिळते. ती ग्रंथालयात बसून वाचता येईल. मोबाइलवर फोटो काढून तसलेच दुसरे चित्र शोधण्याची सोय आता आहे. तिचा उपयोग छापील चित्र ओळखायला चांगला होतो, पण तिने सांगितलेल्या नावाला पुरावा समजू नये.

कायदाही लक्षात असू द्यावा. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुने चित्र खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. शिवाय रविवर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय, रवींद्रनाथ, गगनेंद्रनाथ आणि अवनींद्रनाथ हे तिघे टागोर, नंदलाल बोस, शैलोज मुखर्जी आणि निकोलस रोरिक या नऊ जणांची चित्रे राष्ट्रीय कलानिधी आहेत; ती विकता येतात, पण देशातच. चित्र विकून नफा झाला, तर त्यावर कर द्यावा लागतो, तोही विसरू नये.

आणि एक कळकळीची विनंती. चित्र स्वच्छ करण्याच्या भानगडीत पडू नका. कुणी कापलेला बटाटा फिरवतो, कुणी साबणाचे पाणी, कुणी खोबरेल तेल. मळाबरोबर रंगही जातो आणि कधी सहीसुद्धा जाते. तेच काम शिकलेल्या हाताने केले, तर काय होते पाहा. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात हेंड्रिक व्हान अँटोनिसन या डच चित्रकाराचे, १६४१ च्या सुमाराचे, समुद्रकिनाऱ्याचे चित्र १८७३ पासून होते. थंडीच्या दिवसांत किनाऱ्यावर एवढी माणसे कशासाठी जमली आहेत, हे कळत नसे. २०१४ साली संवर्धन करणाऱ्या बाईंनी वरचा पिवळा थर हळूहळू काढला, आणि वाळूवर येऊन पडलेला एक भलामोठा देवमासा बाहेर आला! कुणीतरी तो मागाहून रंगाखाली गाडून टाकला होता.

तेव्हा आपल्या घरी असे चित्र असेल, तर या पावसाळ्याआधी ते ओल येणाऱ्या भिंतीवरून काढा. पुढून, मागून आणि तिरप्या उजेडात त्याचे फोटो घ्या. लांबी-रुंदी मोजून, मागे जे काही लिहिले असेल ते अक्षर न अक्षर उतरवून ठेवा, आणि घरातल्या सर्वांत वयस्क माणसाजवळ वही घेऊन बसा. कर्ता सापडेल न सापडेल. सापडला तरी तो नामांकित असेलच असे नाही. पण चित्र कुणाचे नाही, हे निश्चित कळणे हासुद्धा ज्ञानाचाच भाग आहे, आणि वाटणीच्या कागदावर सही करण्यापूर्वी ते कळलेले बरे.